ट्रॅव्हलमध्ये करिअर करायचंय? मग बेटांची एक क्रूझ करा, पण वही घेऊन

ट्रॅव्हल लाइनमध्ये यायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींना नक्की काय करणार असं विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर येतं, "फिरायला मिळतं ना". मिळतं, खरंच मिळतं. पण विमानाचं तिकीट आणि हॉटेल आता लोक बसल्या जागी मोबाईलवर काढतात, तरीही ते तुमच्याकडे येतात ते एवढ्याचसाठी की कुठे अडतं, कुठे पैसे वाया जातात, आई-बाबांना कुठे त्रास होईल हे माहीत असलेलं माणूस त्यांना हवं असतं. हे माहीत करून घ्यायला कोर्स लागतो आणि स्वतः प्रवासी म्हणून जाणंही लागतं. आणि प्रवासी म्हणून जायचंच तर माझं ठाम मत असं की पहिली ट्रिप बेटांच्या क्रूझची करा, कारण हॉटेल, जेवण, वाहतूक, परमिट, साइटसीइंग, हवामान आणि चिडलेलं गिऱ्हाईक हे सगळं चार-पाच दिवसांत एकाच बोटीवर बघायला मिळतं. या लेखात दोन्ही लिहितोय, ट्रेनिंग कसं घ्यायचं आणि क्रूझ कशी करायची.

आधी कुठल्या कामाला जायचंय ते ठरवा

ढोबळमानाने तीन कामं आहेत. एक, ऑफिसातलं डेस्क, म्हणजे तिकिटिंग, व्हिसा, पॅकेज बनवणं, विकणं. दोन, टूर मॅनेजर, म्हणजे ग्रुप घेऊन जाणं. आणि तीन, थेट जहाजावर क्रू म्हणून. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. डेस्कवर चिकाटी आणि आकडेमोड लागते. टूर मॅनेजरला पहाटे चारला उठून चाळीस लोकांचे पासपोर्ट मोजताना चेहरा हसरा ठेवता यायला हवा. आपल्याकडे केसरी १९८४ पासून आणि वीणा वर्ल्ड २०१३ पासून ग्रुप टूर काढतायत, त्यामुळे मराठी पर्यटकाला बरोबर आपला माणूस असण्याची सवयच लागलीये, आणि मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही नीट बोलणाऱ्याला इथे काम मिळायची शक्यता चांगली. जहाजावरचं काम सगळ्यात कष्टाचं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो कारण फसवणूकही तिथेच सगळ्यात जास्त होते.

कोर्स कुठला करायचा

पूर्ण वेळ शिकायचं असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली आयआयटीटीएम (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट) ही संस्था बघा. १९८३ साली सुरू झाली, मुख्य कॅम्पस ग्वाल्हेरला, शिवाय भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर आणि आपल्या जवळचं म्हणजे गोवा. गोव्याच्या कॅम्पसचं वैशिष्ट्य वॉटर स्पोर्ट्स, त्यामुळे समुद्राशी संबंधित पर्यटनात जायचं असेल तर ते मनात ठेवा. तिथे टुरिझममधलं बीबीए आणि एमबीए होतं. मुंबईत राहून शिकायचं तर कलिन्याला मुंबई विद्यापीठाची गरवारे इन्स्टिट्यूट आहे. नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी इग्नूचा टुरिझमचा डिप्लोमा आहे, फी कमी आहे, पण अभ्यासाचा रेटा स्वतःच लावावा लागतो. जहाजाच्या किंवा हॉटेलच्या बाजूला जायचं असेल तर मात्र ट्रॅव्हलचा डिप्लोमा करून थांबू नका, हॉटेल मॅनेजमेंट करा, दादरचं आयएचएम १९५४ पासून आहे, पुण्यातही सरकारी संस्था आहे.

डेस्कवाल्यांनी एक गोष्ट नक्की करायची, जीडीएस म्हणजे एजंटांची तिकीट बुकिंगची कॉम्प्युटर सिस्टिम शिकायची. अॅमेडियस, गॅलिलिओ, सेबर ही नावं तुम्ही ऐकली असतील. एजंट काळ्या-निळ्या स्क्रीनवर काहीतरी खडखड टाइप करतो ते हेच. अॅमेडियसमध्ये मुंबई-कोची सीट बघायची तर एएन, मग तारीख, मग बीओएम (मुंबईचा कोड), मग सीओके (कोचीचा), सगळं सलग, स्पेस न देता टाकायचं की त्या दिवशीच्या फ्लाइट क्लासनुसार समोर येतात. मग सीट उचलायची, नाव टाकायचं, फोन नंबर टाकायचा, तिकिटाची मुदत टाकायची, बुकिंग कोणी सांगितलं ते टाकायचं आणि सेव्ह करायचं, तेव्हा कुठे सहा अक्षरांचा पीएनआर तयार होतो, आणि यातलं एखादं राहिलं की सिस्टिम सेव्हच करू देत नाही. हे बोटांत बसायला वेळ लागतो, म्हणून क्लास निवडताना "लाइव्ह प्रॅक्टिस किती तास" हा पहिला प्रश्न विचारा. नुसत्या छापील नोट्स देणारा क्लास असेल तर फी भरू नका. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा फाउंडेशन डिप्लोमा केला तर विमानभाडं कसं बनतं, कोड काय, नियम काय याचा पाया पक्का होतो, आणि ते सर्टिफिकेट देशाबाहेरही ओळखतात.

गाईड म्हणून काम करायचं असेल तर पर्यटन मंत्रालयाचा इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर हा ऑनलाइन कोर्स आहे, घरबसल्या करता येतो, शेवटी परीक्षा असते. आणि भाषा! पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकवतात आणि बाहेरच्या क्लासपेक्षा फी बरीच परवडते. एक परदेशी भाषा कामापुरती का होईना येत असेल तर तुमचा बायोडेटा ढिगातून बाजूला काढला जातो, हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय.

जहाजावर नोकरी: कागदपत्रं आणि सावधपणा

गोव्यात तारवटी म्हणजे जहाजावर काम करणारा घरोघरी सापडेल. गोव्यासारखा तो अनुभव आपल्याकडे घाटावरच्या मुलांच्या घरात नसतो, त्यामुळे एजंट काय सांगेल त्यावर विश्वास बसतो. म्हणून हे नीट वाचा.

जहाजावर डेक, इंजिन आणि हॉटेल असे तीन विभाग. आपल्यासारखी मुलं बहुतेक हॉटेल विभागात जातात, किचन, रेस्टॉरंट, हाउसकीपिंग, रिसेप्शन. किनाऱ्यावरच्या सहली विकणारं शोअर एक्सकर्शन डेस्कही असतं, आणि ट्रॅव्हल शिकलेल्यांना तेच हवं असतं, पण तिथे सफाईदार इंग्रजी आणि आधीचा अनुभव बघतात, पहिल्याच कॉन्ट्रॅक्टला मिळेल असं धरून चालू नका.

तयारीचा क्रम असा. पासपोर्ट. मग इन्डॉस नंबर, म्हणजे खलाशी म्हणून सरकारी नोंदणीचा नंबर. मग डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या, मान्यताप्राप्त संस्थेतून एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बेसिक सेफ्टी ट्रेनिंग. यात पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार आणि वैयक्तिक सुरक्षितता अशी चार मॉड्यूल असतात, सिक्युरिटीचं एक वेगळं असतं, आणि प्रवासी जहाजासाठी गर्दी हाताळण्याचं ट्रेनिंगही लागतं. पाण्याचं मॉड्यूल हलक्यात घेऊ नका. लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारायची, एका हाताने नाक धरायचं, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली दाबून ठेवायचं नाहीतर पाण्याला लागताच ते हनुवटीवर आपटतं. मग उलटा पडलेला तराफा एकट्याने त्याच्या दोरीला धरून, पाय खाली टेकवून, अंगाचं वजन मागे टाकून सुलटा करायचा, तो अंगावर येतो तेव्हा क्षणभर अंधार होतो आणि घाबरायचं नसतं. पोहता येत नसेल तर गावच्या विहिरीत, नदीत, तलावात कुठेही पण कोणाच्या तरी देखरेखीखाली आधीच शिकून घ्या. पाण्याचं आणि आगीचं ट्रेनिंग दर पाच वर्षांनी रिफ्रेश करावं लागतं हेही लक्षात असू द्या.

त्यानंतर सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून मेडिकल, पिवळ्या तापाची लस, आणि जहाज अमेरिकेला जाणारं असेल तर खलाशांचा सी-वन डी व्हिसा. बऱ्याच कंपन्या इंग्रजीची मार्लिन्स टेस्ट घेतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भारतातून खलाशांची भरती करणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स असावंच लागतं, आणि नोकरी लावून देण्यासाठी तुमच्याकडून पैसे घ्यायला त्याला परवानगी नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात हे स्पष्ट आहे आणि भारताने ते २०१५ मध्ये स्वीकारलंय. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी, ट्रेनिंगची फी हे खर्च तुमचे असू शकतात, त्याची पावती घ्या. पण "सीट फिक्स करायला दोन लाख द्या, जॉइनिंग पुढच्या महिन्यात" असं कोणी म्हणालं की उठून चालायला लागायचं, मग तो गावातल्या ओळखीचा का असेना. लायसन्स नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. आईचे दागिने गहाण ठेवून असे पैसे भरलेली घरं कोकणात आणि कोल्हापूर-सांगलीकडे आहेत, फार वाईट वाटतं ते बघून.

आयुष्य कसं असतं? कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं, त्यात रविवार नाही, गणपती-दिवाळी नाही. नियमाने चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते, म्हणजे उरलेला वेळ किती राबवून घेता येतं ते तुम्हीच बघा. केबिन दोघांत एक, बहुतेक खालच्या डेकवर, खिडकी नाही. पगार हातात राहतो कारण राहण्याजेवणाचा खर्च नसतो, आणि हीच या नोकरीची मोठी बाजू, घर बांधायचंय किंवा कर्ज फेडायचंय तर तीन-चार कॉन्ट्रॅक्टमध्ये होतं.

आता क्रूझ: सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून

तुम्हाला बोट लागते का हे आधी बघा. मुंबईच्या आसपास असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, पकडा, साधारण तासाभराचा प्रवास, खर्च फार नाही. त्यात उभं राहून, बसून, खाली-वर फिरून बघा. पोटात ढवळलं तर घाबरायचं कारण नाही, फक्त मोठ्या बोटीवर केबिन घेताना मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्यायची, कारण बोट टोकांना आणि वरती जास्त हलते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि बोट हलायला लागायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. आल्याची वडी, लिंबू, उपाशी न राहणं आणि क्षितिजाकडे नजर ठेवणं हे आपले जुने उपाय चांगले चालतात. खाली केबिनमध्ये पडून मोबाईल बघत बसलात तर मात्र हमखास लागेल.

दुसरं म्हणजे महिना. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र लगेच निवला असं नाही. अरबी समुद्रात बेटं बघायची तर नोव्हेंबर ते मार्च धरा, त्यातही डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मे अर्धा सरला की लक्षद्वीपचं पर्यटन पावसाळ्यासाठी आवरायला लागतात.

लक्षद्वीप: शिकायला याहून चांगली जागा नाही

३६ बेटं, त्यातली १० वस्तीची, सगळं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. कोचीहून २२० ते ४४० किलोमीटर. दोन तऱ्हेने जाता येतं. एक, 'स्पोर्ट्स' नावाच्या लक्षद्वीपच्या सरकारी पर्यटन संस्थेचं समुद्रम पॅकेज, कोचीहून एमव्ही कवरत्ती या जहाजाने, पाच दिवसांचं, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. रात्री प्रवास, दिवसा बेटावर, जेवण बेटावर, झोपायला परत बोटीवर. दुसरं, खासगी क्रूझ, मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघणारी कॉर्डेलियाची एम्प्रेस, जिचा जन्म १९९० साली रॉयल कॅरिबियनची नॉर्डिक एम्प्रेस म्हणून झाला. कधी कुठे जाते ते सीझनप्रमाणे बदलतं, त्यामुळे तारखा त्यांच्याकडूनच बघून घ्या. एम्प्रेसवर स्विमिंग पूल, शो, बुफे, कॅसिनो आणि गाण्यांचा दणदणाट, कवरत्तीवर साधी केबिन, साधं जेवण आणि बेटं मात्र जास्त. शिकायला जाताय तर मी कवरत्ती म्हणेन, कारण तिथे चकचकाट नसल्यामुळे व्यवस्था कशी चालते ते उघडं दिसतं.

लक्षद्वीपला जायला बाहेरच्या प्रत्येकाला परमिट लागतं, नियम १९६७ पासूनचा आहे. सरकारी पॅकेजमध्ये आणि क्रूझमध्ये ते लोक करून देतात, पण कागद तुम्हाला वेळेत द्यावे लागतात, आणि नावाचं स्पेलिंग आधार, तिकीट आणि परमिट तिन्हीवर सारखं आहे का ते स्वतः तपासायचं. पुढे तुम्ही एजंट झालात की निम्मी भांडणं स्पेलिंगवरूनच होतात. बंगारम सोडलं तर दारूबंदी आहे. प्रवाळ, शिंपले उचलून आणायचे नाहीत, ते गुन्ह्यात मोडतं.

आता ते दृश्य सांगतो जे ब्रोशरमध्ये नसतं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते, म्हणून मोठं जहाज बऱ्याच ठिकाणी बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि बेटावरून लहान बोटी येतात. जहाजाच्या कुशीत पाण्यापासून थोड्या उंचीवर एक दार उघडतं. खाली लहान बोट लाटेवर चढते-उतरते, कधी दाराच्या पातळीला, कधी पुरुषभर खाली. दोन खलाशी दारात आणि दोन बोटीत. ते तुमचा दंड धरतात, "थांबा" म्हणतात, लाट वर आली की "आता!" आणि एकच पाऊल टाकायचं. मध्येच विचार करायला लागलं की फसलंच. साडी, सैल चपला, खांद्यावर दोन पिशव्या आणि हातात मोबाईल अशा अवस्थेत आलेल्या काकूंना इथे रडू कोसळतं. हे एकदा बघितलं की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं आणि काय सांगायचं हे आयुष्यभर लक्षात राहतं. आणि समुद्र खवळलेला असेल तर कप्तान बेटावर उतरवणं रद्द करतो, तो हक्क त्याचाच, पैसे परत मिळतीलच असं नाही, म्हणून बुकिंगच्या अटी आधी वाचायच्या.

मिनिकॉयला गेलात तर १८८५ चं दीपगृह बघा, वरून खालचं हिरवं-निळं लगून, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं उथळ पाणी, आणि बाहेरचा गडद समुद्र यांच्यातली रेघ स्पष्ट दिसते. बाकी बेटांवर मल्याळम, इथे मात्र महल भाषा, मालदीवच्या भाषेच्या जवळची. आणि इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जातात. क्रू व्हायचं मनात असेल तर कोणाशी तरी बसून बोला, घरी बायको-मुलं कशी राहतात, परत आल्यावर काय वाटतं. कुठल्याही क्लासमध्ये हे सांगत नाहीत.

बोटीवर वहीत काय लिहायचं

चढताना रांगेत किती वेळ गेला आणि का. केबिनचा नंबर, मजला, इंजिनाचा आवाज येतो का, वर डिस्को आहे का. प्लग कुठला चालतो. बाथरूममध्ये चढायला उंबरा केवढा. शाकाहारी जेवण वेगळ्या काउंटरवर आहे की एकाच चमच्याने सगळं. वरण-भात कुठल्या वेळी मिळतो, कारण हा प्रश्न तुम्हाला ठाणे-दादरचे आजी-आजोबा पहिल्यांदा विचारणार. व्हीलचेअर कुठपर्यंत जाते. कशाचे जादा पैसे लागले, टिप बिलात धरलीये का.

मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं आणि काय करायचं याचा सराव, चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली, आणि नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ड्रिल तेव्हा झालेलंच नव्हतं. त्यानंतर २०१५ पासून नियम बदलला, जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या ड्रिल व्हायलाच हवं. ट्रॅव्हलवाला म्हणवणाऱ्याने तर पहिल्या रांगेत उभं राहावं.

मोबाईल बंदर सुटलं की फ्लाइट मोडवर. जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क आपोआप पकडलं जातं आणि घरी आल्यावर बिल बघून घाम फुटतो.

सिंगापूरची क्रूझ, थोडक्यात

पुढची पायरी बहुतेकांसाठी सिंगापूर-पेनांग-फुकेत, मरिना बे क्रूझ सेंटरहून. इथे फक्त दोन गोष्टी पक्क्या करा. व्हिसा, प्रत्येक देशाचा त्या वेळचा नियम वेगळा बघायचा, आणि सिंगापूरला तुम्ही दोनदा शिरणार, एकदा विमानाने आणि एकदा बोटीने, म्हणून मल्टिपल एंट्री आहे का ते बघायचं. आणि घड्याळ, फुकेत सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे, मोबाईल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, जहाज मात्र जहाजाच्या वेळेने निघतं. धक्क्यावरून पळत येणारी माणसं असतात ती यामुळेच.

परत आल्यावर

वहीतलं टिपण आठवड्याच्या आत नीट लिहून काढा आणि इंटरव्ह्यूला घेऊन जा, खरंच. "तुम्ही आम्हाला का घ्यावं" याला सर्टिफिकेट दाखवणारे शंभर येतात, केबिनचा उंबरा आणि चढउताराची लाट सांगणारा क्वचित. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईतून क्रूझ भारत मिशन सुरू केलंय, २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचं ठरवलंय, त्यामुळे क्रूझ कळणाऱ्या माणसांची गरज वाढणार.

विकायला लागलात की लक्षात ठेवा, कमिशन मूळ भाड्यावर मिळतं, पोर्ट चार्जेस आणि टॅक्सवर नाही, म्हणून गिऱ्हाइकाला एकूण रक्कम सांगा आणि स्वतःचा हिशोब वेगळा करा. मोठ्या क्रूझ कंपन्यांचे एजंटांसाठी फुकट ऑनलाइन कोर्स असतात, प्रिन्सेस अकॅडमीसारखे, रिकाम्या दुपारी ते करत राहा. आणि बुकिंग घेण्याआधी प्रत्येक कुटुंबाला चार प्रश्न विचाराच: पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने आहे का, कोणी गरोदर आहे का (२४ आठवड्यांपुढे बहुतेक कंपन्या घेत नाहीत), बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे का, आणि कोणाला जिना चढायला त्रास होतो का. उत्तरं फोनवर घेऊन सोडून देऊ नका, व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.